लुणेरीचा पंप

मी वाळवंटात वाढले असं सांगितलं की माझी नात इरा हमखास उंटांबद्दल विचारते. उंट होते, पण त्यांचं आम्हाला मेलं काय कौतुक! कौतुक होतं पाण्याचं. लुणेरीच्या आसपास कुठेही खणलं तरी खारं पाणी लागे. गावाचं नावच मिठावरून पडलेलं. रेल्वेचा रूळ टाकत साहेबलोक मारवाडच्या त्या वाळूत शिरले, तेव्हा इंजिनाला वाटेत पाणी पाजायला जागा हवी होती आणि नेमकं तिथे गोडं पाणी लागलं. गावातले म्हातारे सांगत की कुणा गोऱ्या साहेबाच्या कुत्र्याने आधी तिथली वाळू उकरली. खरंखोटं देव जाणे. विहीर झाली, हाताने पाणी ओढता येणार नाही इतकी खोल, म्हणून तिच्यावर पंप बसला, लोखंडी टाकी उभी राहिली, मग स्टेशन आलं आणि सगळ्यांच्या शेवटी माणसं आली. इंजिन पाणी पिईपर्यंत उतारू खाली उतरत, त्यांना चहा लागे, भजी लागत. पुढे रुळाला समांतर सडक झाली आणि ट्रकवालेही थांबायला लागले, कारण खाऱ्या पाण्याचा फाटलेला चहा पीत आलेल्या माणसाला लुणेरीचा चहा अमृतासारखा लागे. चहाची हॉटेलं, पंक्चरवाले, एक लोहार, एक शाळा, एक देऊळ, एवढंच गाव. ते सगळं त्या एका विहिरीवर जगत होतं.

बाबा तिथे स्टेशनमास्तर होते. नोकरीने नेलं तिथे आम्ही गेलो. मी, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा दादा आणि आई. पिवळ्या दगडाचं क्वार्टर होतं, त्याच्या दारं-खिडक्यांना कितीही चिंध्या कोंबल्या तरी वाळू आत यायचीच. आई पीठ दोनदा चाळायची आणि तरी भाकरीत कचकच लागायची. दादा कुरकुरला की म्हणायची, "खा मुकाट्याने, दात घासून निघतील." भांडी आम्ही वाळूनेच घासत असू. आंघोळीचं पाणी खाली घमेल्यात धरायचं, त्यात कपडे, उरलेलं तुळशीला. बाजरीच्या भाकऱ्या, सांगरीच्या वाळवलेल्या शेंगांची भाजी, लसणाची लाल चटणी आणि ताक हे आमचं रोजचं जेवण. होळीला मात्र आई हट्टाने पुरणपोळी करी, आणि तिथल्या उन्हात पोळ्या परातीतच कडक होऊन त्यांच्या पुऱ्या होत. आम्ही हसत हसत त्या तुपात बुडवून खात असू. मला ते घर फार आवडायचं. आईला मुळीच आवडत नसे. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून म्हणे, "पुण्याला कधी पाठवणार आहेत हे लोक आम्हाला?"

आता मी दरवर्षी तीन महिन्यांच्या व्हिसावर लेकीकडे येते, डच लोकांच्या देशात, आइंडहोव्हेनजवळच्या वेल्डहोव्हेनला. इथे पाऊस पडला तर कुणी मान वर करून बघतसुद्धा नाही. जावई एकदा मला मुद्दाम एक जुनी पवनचक्की दाखवायला घेऊन गेला. जमिनीतलं पाणी उपसून कालव्यात टाकायचं, म्हणजे गाव बुडत नाही, असं त्याने समजावून सांगितलं. मी त्याला म्हटलं, "आमच्याकडे पंप बंद पडला की गाव बुडायचं." त्याला वाटलं मी विनोद केला.

लुणेरीचा दिवस पंपाच्या आवाजाने सुरू होई. मंगू नावाचा पंपवाला चाक फिरवी, दोन-तीन ठसके देऊन पंप भकभक करू लागे, आणि त्या आवाजासरशी गावभरच्या बायका घागरी घेऊन निघत. हे पाणी खरं तर इंजिनाचं आणि स्टाफचं. गावाला द्यावं असं कुठल्याही नियमात नव्हतं. पण पहिली गाडी यायच्या आधी टाकीचा खालचा नळ गावासाठी उघडायचा, ही रीत आमच्या आधीच्या सगळ्या स्टेशनमास्तरांनी पाळलेली आणि बाबांनीही पाळली. वरचे साहेब तपासणीला येत तेव्हा बायका त्या दिवशी येत नसत, कुणाला सांगावं लागत नसे. बाबा नळाजवळ हात मागे बांधून उभे राहत. बायका घुंघटाआडून "राम राम, बाबूजी" म्हणत. बाबांचा मला तेव्हा जो अभिमान वाटे तो कशात सांगू? मला वाटे, एवढ्या गावाला माझे बाबा पाणी पाजतात.

त्या रांगेत धापू असायची, माझी मैत्रीण. तिच्या आईला आधीच्या चार मुली. पाचवीही मुलगी झाली तेव्हा तिचं नाव धापू ठेवलं. धापू म्हणजे पोट भरलं, आता पुरे. अशा नावाची मुलगी रडकी असायला हवी, पण ती गावात सगळ्यांत जास्त हसायची. तिचा बाप हरखाराम सडकेवर चहाचं हॉटेल चालवी. चार बांबू, वर पत्रा, पुढे बाजा टाकलेल्या. शाळा सुटली की मी तिथेच असायची. आमचं सगळं बोलणं मारवाडीत चाले, इथे मी ते मराठीत लिहिते आहे. मी चौदा वर्षांची होईपर्यंत आमच्यात एकच भांडण झालं, तेसुद्धा काचेच्या बांगडीवरून.

मग डिझेलचं इंजिन आलं. पहिल्यांदा आलं तेव्हा सगळं गाव बघायला जमलं. न धुराचं, न शिटीत जोर असलेलं, आणि मुख्य म्हणजे न पिणारं. हरखाराम म्हणाला, "ज्याला तहान नाही त्याचा भरवसा काय?" लोक हसले. पण आठवड्यातून एक, मग दोन, अशी ती इंजिनं वाढत गेली आणि हसणं कमी झालं. इंजिनाला पाणी नको तर रेल्वे पंप कशाला ठेवेल, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. हरखारामच्या मेव्हण्याचं जिल्ह्याच्या गावी दुकान होतं. त्याने निरोप धाडला होता की शेजारचा गाळा रिकामा आहे, तो चार जण मागतायत, येणार असलास तर दिवाळीआत ये. धापूच्या घरी रोज तोच विषय. जायचं की राहायचं? धापू मला म्हणाली, "तुझ्या बाबूजींना विचार ना. ते म्हणतील तसं आम्ही करू."

मी घरी विचारलं. बाबा टोपी उचलून स्टेशनवर निघून गेले. दोन दिवसांनी दुपारी मी शाळेतून आले तर बाबा पाटावर बसले होते, आई कणीक मळत होती. बाबा म्हणाले, "सुमे, धापूकडे जाशील ना आज? तिच्या वडिलांना सांग, पंप कुठे जात नाही म्हणावं. उगाच घाबरू नका." मी म्हटलं, "नक्की?" बाबा म्हणाले, "मी सांगतोय ना." आईने कणकेवर पाण्याचा हात फिरवला आणि मला म्हणाली, "आधी दोन घास खाऊन घे." मी कसली खातेय. चपला हातात घेऊन पळत सुटले.

हरखाराम चुलीपुढे होता. मी धापा टाकत सांगितलं. त्याने मला विचारलं, "बाबूजी स्वतः म्हणाले?"

"हो. आत्ता. मी समोर होते."

त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. इतका वेळ बघितलं, की मला हसू यायला लागलं. मग त्याने फडक्याने एक ग्लास पुसला, पाहुण्यांचा काचेचा, त्यात मलाईचा चहा ओतून माझ्या हातात दिला आणि बाजांवर बसलेल्या लोकांना ओरडून सांगितलं, "पंप राहतोय. मास्तरांच्या मुलीने सांगितलंय." पंक्चरवाला आला, लोहार आला, त्यांनी पुन्हा मलाच विचारलं, मी पुन्हा सांगितलं. धापूने माझा हात सोडला नाही. मेव्हण्याला नकार गेला. हरखारामने पत्र्याखालची जागा सोडून मागे दगडाची पक्की खोली बांधायला काढली, आणि पायाभरणीचा पहिला दगड ठेवायला मला बोलावलं. कुमारिकेच्या हातचा दगड चांगला असतो म्हणे. मी नवा परकर नेसून गेले होते.

थंडी सरता सरता तिथे मोठी गुरांची जत्रा भरे, दूर, दोन दिवसांच्या वाटेवर. गावातले झाडून सगळे पुरुष उंट-बैल घेऊन जात. मागे बायका, पोरं आणि म्हातारे राहत. त्या वर्षी पुरुष गेले आणि दुसऱ्या सकाळी पंप वाजला नाही. मी अंथरुणात वाट बघत राहिले. बाहेर आले तर परक्या गावचे फिटर विहिरीपाशी पाने-हातोडे घेऊन बसले होते आणि पंपाचे भाग वाळूत मांडले होते. मंगू बाजूला उकिडवा बसून बघत होता. बायका घागरी घेऊन आल्या, थांबल्या, परत गेल्या. मी बाबांकडे धावले. बाबा म्हणाले, "वरून हुकूम आलाय, सुमे. मी काय करणार?" त्यांचा चेहरा पडला होता. मला त्यांचीच दया आली. त्याच दुपारी कळलं की बाबांची पुण्याला बदली झाली आहे, उद्याच निघायचं. मालगाडीचा एक डबा आमच्या सामानासाठी लागला. त्या डब्यात पुढच्या अर्ध्या भागात पंप चढवला आणि मागच्या अर्ध्यात आमच्या ट्रंका, पलंग, आईचं पोळपाट-लाटणं. मधे गोणपाटाचा पडदा लावला, ग्रीस लागू नये म्हणून.

तिथली एक रीत सांगायला हवी. स्टेशनचं कुणी बदलून जायचं असलं की गावातल्या बायका फाटकाच्या दोन्ही बाजूंना भरल्या घागरी डोक्यावर घेऊन उभ्या राहत. भरली घागर दिसली की प्रवास चांगला होतो, हे आपल्याकडेही आहे. लुणेरीत मात्र प्यायचं पाणी असं डोक्यावर तोलत उभं राहणं म्हणजे माणसाला सगळ्यात मोठा मान. आधीचे तारबाबू गेले तेव्हा मी ते पाहिलं होतं, आणि आमच्या वेळी कसं दिसेल याची मनात चित्रं काढली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही क्वार्टरमधून निघालो. बायका आल्या होत्या. दोन्ही बाजूंना, घुंघट ओढून, रांगेत. घागरी डोक्यावर होत्या आणि एकीच्याही मानेला भार नव्हता. वाऱ्याने एकदोन घागरी हलल्या, त्या हातांनी सावरल्या गेल्या. पाणी असतं तर हलल्या नसत्या. सगळ्यांनी रिकाम्या घागरी आणल्या होत्या.

कुणी शिवी दिली नाही, कुणी रडलं नाही. आईने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि भराभर चालत गाडीत जाऊन बसली. बाबा "हुकूम आला, बायांनो, हुकूम आला" असं काहीतरी म्हणत गेले. रांगेच्या टोकाला धापू होती, तिच्याही डोक्यावर घागर. मी तिच्यापुढे थांबले. तिने विचारलं, "थनै ठा हो?" म्हणजे, तुला माहीत होतं?

"नाही गं. आईशपथ."

"तूच तर सांगितलंस," ती म्हणाली. आवाज चढवून नाही, साधाच. मी तिचा हात धरायला गेले तर तिने तो घागरीला लावला. मग दादाने मला दंडाला धरून डब्यात चढवलं.

पुण्यात मी कितीतरी दिवस जेवताना रडत असे. बाबा जवळ बसवून समजूत घालत, "मलाही शेवटपर्यंत अंधारात ठेवलं गं त्यांनी." मी त्यावर विश्वास ठेवला. नुसता विश्वास ठेवला नाही, त्याचा आधार घेतला. धापूने मला खोटं ठरवलं, पण मी आणि बाबा दोघंही खरे होतो, वरच्यांनी आम्हाला फसवलं, असं म्हणत मी मोठी झाले. लग्नात, सासरी, मुलांना वाढवताना लुणेरीच्या पाण्याची गोष्ट मी शंभरदा सांगितली असेन. बाबा गेले तेव्हा शोकसभेत मीच उठून सांगितली. नियम बाजूला ठेवून गावाला पाणी देणारा माणूस, असं मी हुंदके देत म्हणाले होते. दादा माझ्या शेजारीच बसला होता.

हा दादा पुण्यात इंजिनिअर झाला आणि मग इकडे येऊन कायमचा इथला झाला. आता निवृत्त होऊन द हेगला असतो. यंदा इराच्या शाळेत स्प्रेकबर्ट होता. म्हणजे वर्गापुढे उभं राहून एखाद्या विषयावर बोलायचं. तिने विषय घेतला आजीचं गाव. मला भरून आलं. तिला मराठी कळतं, पण उत्तरं येतात इंग्रजी नाहीतर डचमध्ये. "आजी, यू हॅव टू गिव्ह मी एव्हरीथिंग," ती म्हणाली. फोटो दादाकडे होते, म्हणून मी गाडीने ब्रेडावरून हेगला गेले, पुढे ट्रॅमने त्याच्या घरी.

दादाने पोहे केले होते, चांगले केले होते. फोटो काढले. टाकीपुढे बाबा, क्वार्टरच्या पायरीवर आई. मी म्हटलं, "पंप नेला त्या दिवशी बाबांचा चेहरा आठवतो का रे तुला? किती धक्का बसला होता त्यांना."

दादा चष्मा पुसत म्हणाला, "धक्का कसला? त्यांना पावसाळ्यापासून माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"पंप जाणार ते. बदलीही तेव्हाच सँक्शन झाली होती, पण स्टेशन शांतपणे हँडओव्हर झालं तरच. गावाला कळलं असतं तर लोक रुळावर आडवे झाले असते. मग चौकशी, आणि इतकी वर्षं नळ कुणाच्या परवानगीने उघडत होता हेही निघालं असतं. बदली अडकली असती, माझं कॉलेज गेलं असतं. जत्रेचा मोका बाबांनीच साधला. इट वॉज व्हेरी नीटली डन, खरं सांगायचं तर."

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. "आणि तुला हे माहीत होतं?"

"मला तेव्हाच माहीत होतं. घरात तुला सोडून सगळ्यांना होतं."

सगळ्यांना. म्हणजे गोणपाटाच्या पडद्यामागे सामान लावताना, पुण्याला माझे डोळे पुसताना, शोकसभेत मी हुंदके देत बोलत असताना. इतकी वर्षं हे लोक माझ्याकडे बघून काय म्हणत असतील? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि त्याहून जास्त संताप आला. मी म्हटलं, "मग मला कशाला पाठवलं हरखारामकडे? खोटं बोलायचं होतं तर बाबांनी स्वतः जायचं होतं."

"बाबा निघालेच होते," दादा म्हणाला. "आईने अडवलं. म्हणाली, तुमच्या चेहऱ्यावर दिसेल. सुमीला पाठवा. तिला खोटं बोलता येत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे."

हे तो हसत हसत सांगत होता. आईच्या हुशारीचं कौतुक होतं त्याच्या आवाजात. बाबांवर मी कदाचित चिडून, भांडून मोकळी झाले असते. पण आई? माझ्या खरेपणाचं आई आल्यागेल्याजवळ कौतुक करायची, ते ऐकून मी जास्तच खरं वागायची. हरखाराम इतका वेळ माझ्या तोंडाकडे काय बघत होता ते मला त्या खुर्चीत बसून कळलं. आईने मला फसवलं, आणि मला वापरून त्या माणसाला फसवलं. आता हे तिला विचारणार कुठे? ती जाऊनही वर्षं झाली. दादा म्हणाला, "अगं, पोहे गार होतायत." मी फोटो पिशवीत घातले आणि निघाले.

घरी इरा टेबलावर वही पसरून बसली होती. रेल्वे, विहीर, टाकी, चहाचं हॉटेल, सगळं तिने डचमध्ये लिहून काढलं होतं, फक्त शेवट राहिला होता. पेन हातात धरून तिने विचारलं, "आजी, बट हू टुक द पंप?"

आजवर या प्रश्नाला मी 'रेल्वेने' असं उत्तर देत आले आहे.

"आम्ही," मी म्हटलं.